कौल कोणी मागावा?

आषाढ शुद्ध सप्तमीस सुरतेत तापीचा जन्मदिवस साजरा होतो. तापी ही सूर्यकन्या. सुरतकर त्या दिवशी घाटावर जमून तिची पूजा करतात, तिला लांबच लांब चुंदडी अर्पण करतात. मुलताईस उगम पावून खानदेशातून वाहत येणाऱ्या ह्या नदीला येथील मराठी माणूस परकी मानीत नाही. तिच्याच खोऱ्यातून आलेल्या लोहमार्गाने जळगाव-नंदुरबारकडील सहस्रावधी कुटुंबे उधना-लिंबायतच्या मागांवर येऊन स्थिरावली आणि निरनिराळ्या निमित्तांनी कोकण-गोव्याकडील आमच्यासारखी थोडी घरेही येथेच रुजली.

गेल्या वर्षी त्या दिवशी अश्विनीकुमार घाटावर आम्हांस एक गृहस्थ भेटले. आमच्याच समाजातील, साठी उलटलेले, जुन्या वळणाचे, परंतु हेकट म्हणता येणार नाहीत असे. त्यांच्या सुनेला मूत्रपिंडाचा विकार आहे, ल्यूपस म्हणतात त्यातला, एवढे आम्हांस ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते. गर्भारपणात कडक औषधे नकोत असे कोणीसे सांगितले म्हणून घरच्यांनी तिची सारी औषधे बंद केली. पाचव्या महिन्यात अंगावर सूज आली, रक्तदाब चढला, मूल गेले, आणि ती स्वतः तीन आठवडे इस्पितळात काढून घरी आली. आता आठ महिने व्याधी शांत आहे. पुन्हा विचार करावयास हरकत नाही असे डॉक्टर म्हणतात. सासूबाईंना नातवंडाची आस आहे, गृहस्थांना भीती वाटते, मुलगा गप्प असतो. “दिवाळीनंतर गोव्यास जाऊन कुलदेवतेचा कौल घ्यावा म्हणतो. आपले मत काय?” असे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही उलट विचारले, “सूनबाई काय म्हणतात?” त्यावर ते थोड्या अभिमानानेच म्हणाले, “तिचे काय, ती आमच्या शब्दाबाहेर नाही.”

हे उत्तर आमच्या मनातून जात नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. उलट सुनेविषयीचे कौतुकच होते. परंतु ज्या प्रश्नात प्राण पणाला लागतात तिचेच, त्या प्रश्नात चौघांची मते मोजली जावी आणि पाचव्या व्यक्तीचे मत असण्याचे कारणच कोणास दिसू नये, हे आम्हांस विलक्षण वाटले. घरी येऊन विचार करताना असे ध्यानी आले की, ह्या बाबतीत आम्हीही आजवर निराळे वागलो नव्हतो.

प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी व्याधी समजून घेतली पाहिजे. ल्यूपस हा लॅटिन शब्द, अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याच्या चाव्यासारखे दिसतात अशा कल्पनेने जुन्या युरोपीय वैद्यांनी ते नाव दिले. खरा प्रकार मात्र बाहेरच्या श्वापदाचा नव्हे, तर घरच्याच राखणदाराचा आहे. रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करणारी जी शक्ती, ती आपपरभाव विसरून स्वतःच्याच अवयवांवर धावून जाते. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुसंख्य मूल होण्याच्या वयाच्या. अनेकींना ऊन सोसत नाही. सूर्यप्रकाशाने व्याधी चाळवते. आणि पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत, काही गणनांप्रमाणे निम्म्याच्या आसपास, ती मूत्रपिंडापर्यंत पोहोचते. मूत्रपिंड म्हणजे रक्ताची गाळणी. ती सुजली की रक्तातील प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पावलांवर आणि डोळ्यांखाली सूज दिसते, रक्तदाब वाढतो.

आता गर्भारपणाचे पाहा. निरोगी स्त्रीच्याही मूत्रपिंडांना त्या काळात नेहमीच्या दीडपट काम करावे लागते. आधीच जखमी झालेल्या गाळणीवर हा भार पडतो. त्यात आणखी एक अवघड गोष्ट अशी की, गर्भारपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब चढून लघवीतून प्रथिने जाण्याचा जो विकार कोणाही स्त्रीस होऊ शकतो, त्याची लक्षणे आणि ल्यूपस उसळल्याची लक्षणे जवळजवळ सारखीच. एकावर उपाय प्रसूती, दुसऱ्यावर उपाय औषध. आणि कोणते काय हे ओळखावयास अनुभवी डॉक्टरांसही रक्ताच्या व लघवीच्या अनेक तपासण्यांचा आधार घ्यावा लागतो. मूत्रपिंडाचे तज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ ह्या दोघांनी एकत्र पाहिल्यावाचून असे बाळंतपण पार पाडू नये, असे जे सांगतात ते ह्याच कारणासाठी.

एका पिढीपूर्वीचे डॉक्टर अशा स्त्रीला सरळ सांगत असत की, मुलाचा विचार सोडून द्या. आज तसे सांगत नाहीत, आणि ह्या बदलाच्या मागे नुसता आशावाद नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात ल्यूपस असलेल्या १,८४२ स्त्रियांच्या २,७५१ गर्भारपणांचा हिशेब मांडला होता. त्यात सुमारे एकचतुर्थांश प्रसंगी व्याधी पुन्हा उसळली, आणि शंभरातील एकोणचाळीस बाळे दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मली. हे आकडे भिववणारे आहेत. परंतु २०१५ साली अमेरिका व कॅनडातील ३८५ स्त्रियांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शंभरातील सुमारे एक्याऐंशी जणींचे गर्भारपण मोठ्या संकटावाचून पार पडले. हा फरक दैवाचा नव्हे. दुसऱ्या अभ्यासात ज्यांची व्याधी जोरात होती, ज्यांच्या मूत्रपिंडांतून प्रथिने मोठ्या प्रमाणात वाहत होती, अशा स्त्रियांना घेतलेच नव्हते. म्हणजे व्याधी शांत असताना राहिलेला गर्भ आणि ती पेटलेली असताना राहिलेला गर्भ ह्यांत मोठे अंतर आहे. निदान सहा महिने व्याधी निवलेली असावी, लघवीतील प्रथिने दिवसाकाठी अर्ध्या ग्रॅमहून कमी असावीत, रक्तदाब ताब्यात असावा, हा आजचा दंडक आहे. ह्या व्याधीत शुभमुहूर्त पंचांगात नसतो, तो लघवीच्या तपासणीत असतो, असे म्हटल्यास वाचकांनी रागावू नये.

औषधांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण त्या घरात जे घडले ते अज्ञानाने घडले आणि तसे अज्ञान आमच्या पुष्कळ घरांत आहे. काही औषधे गर्भाला खरोखरच घातक असतात. मायकोफेनोलेट हे त्यांपैकी एक. ते गर्भधारणेच्या निदान सहा आठवडे आधी बंद करून त्याऐवजी अॅझाथायोप्रिनसारखे चालणारे औषध सुरू करावे लागते. सायक्लोफॉस्फमाइडही तसेच. परंतु हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध गर्भारपणात बंद करावयाचे नसते, ते चालू ठेवावयाचे असते. मूळचे हिवतापावरचे हे औषध २०२० च्या साथीत घरोघर नावाने ठाऊक झाले होते. ते थांबविले की व्याधी उसळण्याचा संभव वाढतो. बाराव्या आठवड्याच्या सुमारास अॅस्पिरिनची अल्प मात्रा देतात, ती रक्तदाबाचा तो विकार टळावा म्हणून. काही स्त्रियांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिद्रव्य असते, त्यामुळे शंभरात दोन-एक बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ शकतो. म्हणून बाळाच्या हृदयाकडे अधूनमधून लक्ष ठेवावे लागते. कोणती गोळी ठेवावी आणि कोणती सोडावी हा निर्णय शेजारच्या वहिनींचा नव्हे, आणि लेखकाचाही नव्हे. त्या मुलीचे मूल औषधामुळे गेले नाही. औषध काढून घेतल्यामुळे गेले असावे, असे डॉक्टरांनी त्या कुटुंबास सांगितले होते. सासूबाईंना ते आजही पटलेले नाही. ते पटवून घेणे किती कठीण असेल, हे आम्ही समजू शकतो.

येथवर वैद्यकाची गोष्ट झाली. प्रश्न मात्र वैद्यकाने सुटत नाही. सर्व काळजी घेतली, मुहूर्त साधला, तरी काही धोका उरतोच. तो कोणी पत्करावयाचा, आणि पत्करा असे सांगण्याचा अधिकार कोणास आहे?

घरातील वडीलधारी मंडळी येथे पितृऋणाचा आधार घेतात. माणूस ऋणे घेऊनच जन्मतो आणि संततीवाचून पितरांचे ऋण फिटत नाही, हे आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. महाभारतात जरत्कारूची कथा आहे. तपस्येत रमलेल्या ह्या ब्रह्मचाऱ्याला त्याचे पितर एका गर्तेत गवताच्या काडीला उलटे लोंबकळताना दिसतात, आणि वंशवृद्धीसाठी तो विवाह करतो. कथा अर्थगर्भ आहे. परंतु तीत ऋण कोणाचे, हे नीट पाहावे. पितरांनी ज्याला हाक मारली तो पुरुष होता. हे कर्ज फेडावयाचे ते त्याने. कर्ज पुरुषाच्या नावे आणि त्याला तारण मात्र बाईची मूत्रपिंडे, असा व्यवहार शास्त्राने कोठे सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही.

उलट दुसरी एक गोष्ट आमच्या आचारात रोज डोळ्यांसमोर असूनही आम्ही तिचा अर्थ घेत नाही. माघ शुद्ध अष्टमीस भीष्माचार्यांना तर्पण करतात. ज्यांचा त्या कुळाशी काहीही संबंध नाही असे लोकही करतात, आणि त्या मंत्रात निपुत्रिक म्हणूनच त्यांचा उल्लेख होतो. ज्याला पुत्र नाही त्याला साऱ्यांनी मिळून पाणी द्यावे, ही तोड परंपरेनेच काढलेली आहे. आमच्या मठांकडे पाहा. गुरुपरंपरा शतकानुशतके चालत आली ती जन्माने नव्हे, शिष्यस्वीकाराने. ज्या स्वामींच्या चरणी आम्ही पोराबाळांसह मस्तक ठेवतो, त्या पीठाचा वंश रक्ताने चाललेलाच नाही. आणि त्याच पीठासमोर उभे राहून आम्ही मूल नसलेल्या स्त्रीची ओटी भरावी की न भरावी ह्याचा विचार करतो, ह्याला काय म्हणावे?

आता कौलाविषयी. मूर्तीला पाकळ्या लावून प्रश्न करणे आणि उजवी-डावीकडून उत्तर घेणे, ही गोव्यातील देवस्थानांची जुनी रीत. तिची टवाळी करणे आमच्या लेखणीस शोभणार नाही, कारण अडचणीच्या वेळी आमचे वडीलही त्या सभामंडपात बसले होते. परंतु देवता उत्तर देते ते विचारलेल्या प्रश्नाचे, आणि प्रश्नाची शब्दरचना माणसे करतात. “ह्या घरी पाळणा हलेल काय?” असा प्रश्न असतो. “हिची औषधे बंद करावी काय?” असे दोन वर्षांपूर्वी कोणी विचारले नव्हते. “हिला हे हवे आहे काय?” असेही कोणी विचारीत नाही, आणि खरे पाहता, तो प्रश्न देवीपर्यंत न्यावयाचे कारणच नाही. ज्याचे उत्तर स्वयंपाकघरात उभी असलेली व्यक्ती देऊ शकते, त्यासाठी देवीला तिष्ठत का ठेवावे?

आमचे एक डॉक्टर स्नेही ह्या बाबतीत उलट टोकाला जातात. ते म्हणतात, अशा बाईला मुलाचा विचारच करू देऊ नये. दत्तक घ्यावे आणि मोकळे व्हावे. हेही आम्हांस मान्य नाही. सासूने ‘हो’ म्हणून तिचा निर्णय हिरावून घेणे आणि डॉक्टरने ‘नाही’ म्हणून तो हिरावून घेणे ह्यांत, हिरावून घेण्यापुरता, फरक नाही. माणूस पर्वतावर चढताना, समुद्रात होडी घालताना प्राण पणाला लावतो आणि आम्ही त्याच्या धैर्याचे कौतुक करतो. मग धोका नीट समजून घेऊन, मूल हवेच असे म्हणणाऱ्या स्त्रीला अडविण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला?

परंतु येथे एक कठीण जागा आहे, आणि ती आम्ही टाळू इच्छित नाही. तिचा होकार तिचाच आहे हे कसे ओळखावे? लग्नाच्या दिवसापासून जिच्या ओटीत नारळ पडत आले, दुसऱ्यांच्या डोहाळेजेवणांत जिच्याकडे सर्वांचे डोळे वळले, बारशाला जिला मागच्या रांगेत बसविले, तिच्या तोंडून निघालेला ‘हो’ तिचा किती आणि आमचा किती? ह्याचे पुरे उत्तर आमच्यापाशी नाही. तथापि एका ठिकाणी समाजाने हा प्रश्न पुष्कळसा सोडविला आहे. आमचे सुरत शहर अवयवदानासाठी देशात नाव मिळवून आहे. एखाद्या जिवंत माणसाने आप्तास मूत्रपिंड द्यावयाचे ठरविले, तर १९९४ च्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांनी त्याला सर्व धोके समजावून सांगावे लागतात, आणि तो दडपणाखाली तर देत नाही ना, हे तपासावे लागते. पोटच्या मुलासाठी देणाऱ्या आईलाही हे चुकत नाही. एक मूत्रपिंड देणाऱ्यास आम्ही इतके विचारतो. होणाऱ्या बाळासाठी दोन्ही मूत्रपिंडे पणास लावणाऱ्या स्त्रीस मात्र कोणी वेगळ्या खोलीत नेऊन विचारीत नाही. तिच्याबरोबर नवरा असतो, सासू असते, आणि डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे तीच दोघे देतात.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, तिला एकटीला विचारावे. आणि विचारण्यापूर्वी घरच्यांनी ‘नाही’ हे उत्तर ऐकण्याची तयारी केलेली असावी. ‘नाही’ म्हटल्याबद्दल जर तिला पुढली वीस वर्षे घरात तोंड चुकवीत वावरावे लागणार असेल, तर तिने दिलेल्या ‘हो’ला काही किंमत उरत नाही. त्याग करणे हा तिचा अधिकार आहे. मागणे हा आमचा नव्हे. इतकेच नव्हे, तर कोणी आपण होऊन तो पुढे केला, तरी तो स्वीकारताना आमचा हात थरथरला पाहिजे.

कायदा ह्या बाबतीत आमच्या घरांच्या पुढे गेलेला आहे. वैद्यकीय गर्भसमापनाच्या १९७१ च्या कायद्याने सज्ञान स्त्रीच्या बाबतीत केवळ तिची स्वतःची संमती मागितली. पतीची नव्हे, सासऱ्याची तर नव्हेच. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन काही स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली, आणि तिचा जीव वाचविण्यासाठी तातडीने करावे लागले तर मुदतीची आडकाठी मूळ कायद्यातही नव्हती. गर्भारपणात व्याधी भडकली तर हा कठोर निर्णयही समोर येतो. तो आधी, शांतपणी बोलून ठेवलेला बरा.

मूल होण्याचे दुसरे मार्गही आहेत. हिंदू दत्तकाच्या १९५६ च्या कायद्याने मुलीसही दत्तक घेण्याची वाट सर्वांसाठी मोकळी केली आणि विवाहित पुरुषाला पत्नीच्या संमतीवाचून दत्तक घेण्याची मनाई केली. २०२१ च्या सरोगसीच्या कायद्याने पैशाचा व्यवहार बंद केला. परंतु गर्भारपण जिच्या जिवावर बेतेल अशा स्त्रीसाठी, नियमांच्या चौकटीत, तो मार्ग खुला ठेवला आहे. अमेरिकेतील गायिका सेलेना गोमेझ ह्यांना ल्यूपसमुळे २०१७ साली मैत्रिणीने दिलेले मूत्रपिंड बसवून घ्यावे लागले. स्वतःच्या उदरी मूल वाढविणे आपल्या व बाळाच्या जिवास धोक्याचे आहे, हे त्यांनी २०२४ साली आपल्या तोंडाने जगाला सांगितले. त्यांच्या वैभवाशी आमच्या उधन्याच्या सुनेची तुलना होत नाही, हे उघड आहे. पण ते वाक्य त्यांनी स्वतः उच्चारले, एवढ्यासाठी त्याचा उल्लेख केला.

गर्भार स्त्रीला आमच्या भाषेत ‘दोन जिवांची’ म्हणतात. प्राचीन वैद्यांनी तिला ‘दौहृदिनी’, दोन हृदयांची, म्हटले. डोहाळे हा शब्द त्याच घरचा. तिची इच्छा मोडू नये, कारण ती दोघांची इच्छा असते, असे त्यांचे म्हणणे होते. शब्द अजून आहे, पण मोजताना आम्ही येणारा जीव तेवढा मोजतो, आणि जो आधीपासून घरात वावरतो आहे तो धरावयाचा राहून जातो.

त्या संध्याकाळी घाटावर निघता निघता आम्ही गृहस्थांस एक पुराणकथा आठवून दिली. घाटाला ज्यांचे नाव, ते अश्विनीकुमार देवांचे वैद्य. तेही सूर्याचेच पुत्र, म्हणजे तापीचे सावत्र बंधू. त्यांची माता संज्ञा. तिला सूर्याचे तेज सोसवेना, म्हणून ती आपली छाया मागे ठेवून घर सोडून गेली. संज्ञेने सोसावयास शिकावे, असे पुराण सांगत नाही. विश्वकर्म्याने सूर्यालाच चरकावर धरून त्याचे तेज तासले, तेव्हा तिला त्या घरी राहता आले. गृहस्थ ऐकून घेऊन काही न बोलता निघून गेले. आम्हांस वाटले, आपण उगाच बोललो.

मार्गशीर्षात ते पुन्हा भेटले. गोव्यास जाऊन आले होते; देवीची ओटी भरली, महानैवेद्य केला, कौल मात्र घेतला नाही. परत आल्यावर सूनबाईंना घेऊन मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा आपण आणि सौभाग्यवती बाहेरच्या बाकावर बसून राहिलो, असे त्यांनी सांगितले. मुलगाही बाहेरच थांबला. ती आत एकटी गेली आणि अर्ध्या तासाने बाहेर आली. येताना वाटेत सासूबाईंनी तिला काही विचारले नाही, हे सांगताना त्यांचा आवाज जरा कापला. आत ती काय म्हणाली, हे त्यांनी आम्हांस सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.